‘थांबा, पुढच्या वर्षी बघू’: ब्रुकलिनच्या चाहत्यांचा इतिहास



खेळाचा इतिहास आपण बहुतेक वेळा जिंकणाऱ्यांच्या बाजूने सांगतो. कोणी करंडक उचलला, कोणी विक्रम केला, कोणाची मिरवणूक निघाली. आज आपण दुसऱ्या बाजूने जाणार आहोत. आजचा नायक मैदानात उतरत नाही. त्याला मानधन मिळत नाही, उलट पदरचे पैसे मोडून तो तिकीट काढतो. संघ हरला की त्याला जेवण गोड लागत नाही, आणि घरचे विचारतात, ‘तुला काय मिळतं रे यातून?’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. तर असा हा चाहता. त्याची निराशा हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का, हे आज आपल्याला पाहायचं आहे. त्यासाठी आपण जाणार आहोत न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात, बेसबॉलच्या ‘डॉजर्स’ संघाच्या चाहत्यांकडे.

आधी खेळाची चौकट समजून घेऊ. त्या काळात अमेरिकेत वरच्या दर्जाच्या दोन लीग होत्या, नॅशनल आणि अमेरिकन. प्रत्येकीत आठ संघ. एप्रिल ते सप्टेंबर प्रत्येक संघ १५४ सामने खेळायचा. आपापल्या लीगमध्ये पहिले आलेले दोन संघ ऑक्टोबरमध्ये ‘वर्ल्ड सिरीज’ खेळत. सातपैकी चार सामने जिंकेल तो अजिंक्य. आपल्याकडे कसोटी पाच दिवस चालते, पण नंतर मध्ये विश्रांती असते. बेसबॉलमध्ये सामना जवळजवळ रोजच. त्यामुळे हंगाम वाईट चालला असेल तर चाहत्याचं दुःख एका दिवसात उरकत नाही. ते सहा महिने रोज सकाळी वर्तमानपत्राबरोबर दारात येऊन पडतं.

आता ब्रुकलिन. १८९८ सालापर्यंत ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होतं. त्या वर्षाच्या १ जानेवारीला ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झालं. नदीपलीकडे मॅनहॅटन, तिथे पैसा, नाटकं, उंच इमारती. अलीकडे ब्रुकलिन, म्हणजे गोदीत राबणारे, कारखान्यात जाणारे, इटालियन, ज्यू, आयरिश अशी युरोपातून आलेल्यांची वस्ती. १९५० च्या सुमारास इथे २७ लाख लोक राहत होते. एवढ्या लोकांचं शहर, पण शहर हा दर्जा गेलेला. महापौर गेला, नाव नकाशात आत सरकलं. स्वतःचं म्हणून उरलेल्या मोजक्या गोष्टींत हा संघ होता. संघाचं नावही तिथल्या रस्त्यावरून आलेलं. विजेवरच्या ट्राम सुरू झाल्या तेव्हा त्या चुकवत रस्ता ओलांडणारे ब्रुकलिनकर ‘ट्रॉली डॉजर्स’ म्हणजे ट्राम चुकवणारे ठरले, आणि तेच नाव संघाला चिकटलं. १९१३ मध्ये संघाचं एबेट्स फील्ड हे मैदान उघडलं. भर वस्तीतलं, जेमतेम ३२ हजार माणसं मावतील एवढं. प्रेक्षक खेळाडूंच्या इतके जवळ, की हाक मारली तर खेळाडूला ऐकू जावी.

आणि हाका मारल्या जात. हिल्डा चेस्टर नावाची एक बाई स्टँडमध्ये गाईच्या गळ्यातली मोठी घंटा घेऊन बसायची आणि ती बडवायची. काही हौशी मंडळींनी बेसूर वाद्यवृंदच काढला होता. हे सगळं रंगतदार वाटतं, पण यामागचा हिशेब आपण विसरू नये. संघ बहुतेक वेळा हरत असे. १९२२ ते १९२९ या आठ वर्षांत सात वेळा हा संघ आठांत सहाव्या जागी राहिला. १९२६ च्या ऑगस्टमध्ये तर एका सामन्यात डॉजर्सचे तीन धावपटू एकाच वेळी तिसऱ्या बेसवर येऊन उभे राहिले. एका बेसवर एकालाच हक्क असतो, त्यामुळे दोघे बाद. हा प्रसंग पुढे कित्येक वर्षं विनोद म्हणून सांगितला गेला.

इथे आपल्याला निराशेचा पहिला प्रकार दिसतो. संघाकडून अपेक्षाच नसते, तेव्हा पराभवावर हसता येतं. घरातल्या उनाड पोराबद्दल आई बोलते तसं, तक्रार खरी पण आवाजात माया. विलर्ड मलिन या व्यंगचित्रकाराने डॉजर्सचं प्रतीक म्हणून एक भणंग माणूस काढायला सुरुवात केली. दाढीचे खुंट, फाटके बूट, तोंडात विडीचं थोटूक. ब्रुकलिनकरांना राग यायला हवा होता. त्यांनी त्या भणंगाला आपला म्हणून घेतलं.

अर्थात सगळं हसण्यावारी जात नसे. १९३८ मध्ये ब्रुकलिनच्या एका बारमध्ये डॉजर्सवरून चाललेली थट्टा एका चाहत्याला सहन झाली नाही. तो बाहेर गेला, पिस्तूल घेऊन परतला आणि त्याने एका माणसाचा जीव घेतला. ‘खेळच तर आहे’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्येकासाठी तो तेवढाच नसतो, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

निराशेचा दुसरा प्रकार सुरू होतो १९४१ मध्ये. संघ आता चांगला झाला होता. लीग जिंकून तो वर्ल्ड सिरीजमध्ये पोहोचला. समोर न्यूयॉर्क यांकीज, श्रीमंत आणि सवयीचे विजेते. ५ ऑक्टोबरच्या चौथ्या सामन्यात नववी म्हणजे शेवटची इनिंग, डॉजर्स ४-३ ने पुढे, दोन बाद. यांकीजच्या टॉमी हेनरिकने तिसरा स्ट्राइक हुकवला. म्हणजे सामना संपला, मालिका २-२. पण बेसबॉलचा एक नियम आहे. तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातात बसायला हवा. मिकी ओवेनच्या हातून तो निसटून मागे गेला. हेनरिक पहिल्या बेसवर पोहोचला, त्यापाठोपाठ यांकीजने चार धावा काढल्या आणि सामना ७-४ असा जिंकला. दुसऱ्या दिवशी मालिकाही संपली.

याच काळात ब्रुकलिनच्या तोंडी ते वाक्य बसलं: ‘थांबा, पुढच्या वर्षी बघू.’ गणपती पाण्यात सोडताना आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो, त्यात हुरहूर असते आणि खात्रीही. ब्रुकलिनच्या वाक्यात हुरहूर तीच, खात्रीच्या जागी मात्र थोडी धमकी आणि बरीचशी आशा.

ती आशा पोकळ नव्हती. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन डॉजर्सकडून मैदानात उतरला. सुमारे साठ वर्षं मोठ्या लीगमध्ये एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला जागा नव्हती. कोणत्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्या मालकांनी पाळलेलं होतं. ब्रँच रिकी या महाव्यवस्थापकाने ते मोडलं. त्यानंतर रॉय कॅम्पनेला आला, डॉन न्यूकम आला. देशभरातल्या कृष्णवर्णीयांसाठी ब्रुकलिन कधीही न पाहिलेलं असलं तरी डॉजर्स हा आपला संघ झाला. त्या एका वर्षी एबेट्स फील्डवर १८ लाखांवर प्रेक्षक आले. म्हणजे आता डॉजर्सच्या पराभवात अधिक लोकांचं अधिक काही पणाला लागलेलं होतं.

आणि पराभव तर होतच राहिले. १९४७ मध्ये यांकीजकडून हरले. १९४९ मध्ये पुन्हा यांकीजकडून. १९५० मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी, दहाव्या इनिंगमध्ये फिलाडेल्फियाने लीग हिसकावली. मग आलं १९५१. इथे आपण जरा थांबू या, कारण चाहत्याच्या निराशेचं इतकं चोख उदाहरण दुसरं सापडणं कठीण.

१९५१ च्या ११ ऑगस्टला रात्री डॉजर्सचे ७० विजय आणि ३६ पराभव होते. दुसऱ्या क्रमांकावर न्यूयॉर्क जायंट्स, मॅनहॅटनचा संघ, डॉजर्सचा जुना वैरी. त्यांचे ५९ विजय, ५१ पराभव. बेसबॉलमध्ये आघाडी मोजण्याची रीत सोपी आहे. विजयातला फरक ११, पराभवातला फरक १५, दोन्हींची सरासरी १३. म्हणजे डॉजर्स १३ सामन्यांनी पुढे. सात आठवड्यांत हे अंतर तोडणं जवळपास अशक्य. ब्रुकलिनमध्ये वर्ल्ड सिरीजच्या तिकिटांची बोलणी सुरू व्हावीत अशी परिस्थिती.

दुसऱ्या दिवसापासून जायंट्स सलग १६ सामने जिंकले. उरलेल्या ४४ सामन्यांत त्यांनी ३७ जिंकले. हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघ ९६ विजय आणि ५८ पराभवांवर बरोबरीत होते. तीन सामन्यांची निर्णायक मालिका ठरली. पहिला सामना जायंट्सने ३-१ जिंकला, दुसरा डॉजर्सने १०-०. तिसरा ३ ऑक्टोबरला, बुधवारी दुपारी, जायंट्सच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर.

नववी इनिंग सुरू झाली तेव्हा डॉजर्स ४-१ ने पुढे होते. पिचर न्यूकम. या माणसाने शनिवारी संपूर्ण सामना टाकला होता आणि रविवारी लगेच पाचाहून अधिक इनिंग. बुधवारी तो पुन्हा उभा होता. दोघांनी त्याला फटके मारले, एक बाद झाला, मग व्हाइटी लॉकमनच्या फटक्यावर एक धाव निघाली. ४-२. दोन धावपटू बेसवर. व्यवस्थापक चार्ली ड्रेसनने न्यूकमला बोलावून घेतलं आणि राल्फ ब्रँकाला पाठवलं. समोर बॉबी थॉमसन. पहिल्या सामन्यात याच थॉमसनने याच ब्रँकाला होम रन मारलेली. ब्रँकाचा दुसरा चेंडू थॉमसनने डावीकडच्या भिंतीपलीकडे प्रेक्षकांत टोलवला. जायंट्स ५, डॉजर्स ४. रॉबिन्सन मैदान सोडून गेला नाही. थॉमसन प्रत्येक बेसला पाय लावतो की नाही हे तो शेवटपर्यंत पाहत राहिला.

रेडिओवर समालोचक रस हॉजेस एकच वाक्य पुन्हा पुन्हा ओरडत होता, की जायंट्स जिंकले. ते ध्वनिमुद्रण आज आपण ऐकू शकतो. ते कसं उरलं, हेही ऐकण्यासारखं आहे. ब्रुकलिनमध्येच राहणाऱ्या जायंट्सच्या एका चाहत्याला कामावर जायचं होतं. त्याने आईला सांगून ठेवलं, शेवटच्या भागात रेडिओजवळचा टेपरेकॉर्डर सुरू कर. आईने तो सुरू केला. ब्रुकलिनच्या सर्वांत वाईट क्षणाचा पुरावा ब्रुकलिनच्याच एका घरात तयार झाला.

आता चाहत्याचा खटला ऐकू. त्या दिवसापासून ब्रुकलिनमध्ये एकच जप सुरू झाला. ब्रँकाच का? अर्स्काइन का नाही? थॉमसनला मुद्दाम चेंडू बाहेर टाकून पहिल्या बेसवर का जाऊ दिलं नाही? प्रश्न रास्त होते, पण प्रत्येकाला उत्तरही होतं. अर्स्काइनचे सरावातले चेंडू जमिनीवर आपटत होते. थॉमसनला सोडलं असतं तर विजयाची धाव बेसवर आली असती. कॅचर कॅम्पनेला जखमी असल्याने बाहेर होता. ही उत्तरं कोणालाच नको होती. कारण दुःखाला एक माणूस लागतो, ज्याच्याकडे बोट दाखवता येईल. ब्रँका तेव्हा पंचविशीचा होता. पुढचं आयुष्यभर त्याची ओळख तो एक चेंडू.

आणि ‘डॉजर्स कोसळले’ हे तरी कितपत खरं? आकडे पाहू. ११ ऑगस्टनंतर डॉजर्स ४८ सामने खेळले, २६ जिंकले, २२ हरले. ही घसरण नक्कीच आहे, पण निम्म्याहून अधिक सामने त्यांनी जिंकलेच. चमत्कार समोरच्या बाजूला घडला होता. चाहत्याच्या डोळ्यांना मात्र आपलाच संघ दिसतो. आपण हरलो, याचा अर्थ आपलं काहीतरी चुकलं. दुसरा अधिक चांगला खेळला, ही शक्यता त्याच्या हिशेबात शेवटी येते, किंवा येतच नाही.

या कथेला पन्नास वर्षांनी एक पुरवणी जोडली गेली. २००१ मध्ये जोशुआ प्रेगर या पत्रकाराने ‘वॉल स्ट्रीट जर्नल’मध्ये उघड केलं, की १९५१ च्या जुलैपासून जायंट्सने पोलो ग्राउंड्सवर सेंटर फील्डमागच्या आपल्या खोलीत दुर्बीण बसवली होती. तिच्यातून प्रशिक्षक प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा वाचायचा, तारेवरून बझर वाजायचा आणि पुढचा चेंडू कसा येणार हे फलंदाजाला कळायचं. म्हणजे ब्रुकलिनकर पन्नास वर्षं जे नशिबाच्या नावाने सोसत होते, त्यात लबाडी होती. त्या निर्णायक चेंडूची खूण आपण घेतली नव्हती, असं थॉमसनने सांगितलं.

आपण इथे दोन्ही गोष्टी तोलायला हव्यात. दुर्बीण होती, हे खरं. पण हंगामाचे शेवटचे सामने जायंट्सने फिलाडेल्फिया आणि बॉस्टनला जिंकले, आणि निर्णायक मालिकेतला पहिला सामना खुद्द ब्रुकलिनमध्ये. तिथे त्यांची दुर्बीण नव्हती. शिवाय जिथे ती होती त्याच पोलो ग्राउंड्सवर डॉजर्सने त्यांना १०-० असं हरवलं. दुर्बिणीने सगळं घडवलं असं म्हणता येत नाही, काहीच घडवलं नाही असंही म्हणता येत नाही. ब्रँकाला हे १९५४ मध्येच कानावर आलं होतं. जाहीर कांगावा न करता तो गप्प राहिला.

एक गोष्ट मात्र त्या बुधवारच्या गोंगाटात कोणी मोजली नाही. एका बाजूला न्यूकम आणि रॉबिन्सन, दुसऱ्या बाजूला मॉन्टी अर्विन आणि थॉमसननंतर फलंदाजीला येण्यासाठी उभा असलेला वीस वर्षांचा विली मेज. पाचच वर्षांपूर्वी यांपैकी एकालाही या मैदानावर मोठ्या लीगचा सामना खेळता आला नसता.

१९५२ आणि १९५३ मध्ये डॉजर्स पुन्हा वर्ल्ड सिरीजला गेले, पुन्हा यांकीजकडून हरले. १९५२ च्या मालिकेत गिल हॉजेस या लाडक्या खेळाडूला २१ प्रयत्नांत एकही हिट मिळाला नाही. दुसऱ्या संघाच्या चाहत्यांनी त्याची हुर्यो उडवली असती. ब्रुकलिनने त्याला पत्रं पाठवली, तावीज पाठवले. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यातही त्याची बॅट चालेना, तेव्हा एका चर्चमध्ये धर्मगुरूने भक्तांना सांगितलं, प्रवचनासाठी आज फार उकडतंय, घरी जा आणि हॉजेससाठी प्रार्थना करा. निराशा माणसाला कडवट करते हे आपण बारमधल्या घटनेत पाहिलं. ती माणसाला मऊही करू शकते.

४ ऑक्टोबर १९५५. यांकी स्टेडियम, सातवा सामना. जॉनी पॉड्रेसने यांकीजला एकही धाव दिली नाही. सहाव्या इनिंगमध्ये योगी बेराचा फटका सँडी अमोरोसने पळत जाऊन हात लांबवून झेलला. डॉजर्स २, यांकीज ०. ब्रुकलिनमध्ये लोक रस्त्यावर आले. ‘डेली न्यूज’ने पहिल्या पानावर तोच दाढीवाला भणंग तोंडभर हसताना छापला आणि विचारलं, भणंग कोण? ‘पुढचं वर्ष’ अखेर आलं होतं. फक्त ब्रुकलिनचं स्वतःचं वर्तमानपत्र ‘ब्रुकलिन ईगल’ त्याच वर्षी जानेवारीत बंद पडलेलं. आपल्या विजयाची बातमी ब्रुकलिनला नदीपलीकडच्या वर्तमानपत्रांत वाचावी लागली.

त्या विजयानंतर दोनच वर्षांनी संघ गेला. हरला नाही, निघून गेला.

कारणं गुंतागुंतीची आहेत. मालक वॉल्टर ओमॅली याला नवीन मैदान हवं होतं. एबेट्स फील्ड जुनं झालेलं, आणि आसपास जेमतेम सातशे गाड्या उभ्या राहतील एवढी जागा. युद्धानंतर ब्रुकलिनमधली बरीच गोरी मध्यमवर्गीय कुटुंबं लाँग आयलंडच्या नव्या वसाहतींत गेली होती, तिथून यायला गाडी लागे. घरोघरी टेलिव्हिजन आला होता. अजिंक्यपदाच्या वर्षीही प्रेक्षकसंख्या दहा लाखांच्या आसपासच होती. ओमॅलीला ब्रुकलिनमध्येच अटलांटिक आणि फ्लॅटबुश मार्गांच्या चौकात जागा हवी होती. शहराने ती संपादित करून द्यावी, मैदान आपण स्वखर्चाने बांधू, असं त्याचं म्हणणं. शहररचनेवर ज्याचा शब्द चाले त्या रॉबर्ट मोझेसने नकार दिला. खासगी मैदान हे सार्वजनिक हिताचं काम नव्हे, हवं तर क्वीन्समध्ये या, असं त्याचं उत्तर. दरम्यान लॉस एंजेलिसने हात पुढे केला. यात खलनायक ओमॅली की मोझेस, यावर इतिहासकार आजही भांडतात. एवढं नक्की, की संघ तोट्यात नव्हता.

चाहत्याला या सगळ्यात विचारलं गेलं नाही. विचारण्याची सोयच नव्हती. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ मध्येच बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्यातून सूट दिली होती. १९५७ च्या उन्हाळ्यात ब्रुकलिनचेच काँग्रेस सदस्य इमॅन्युएल सेलर यांच्या समितीपुढे ओमॅलीची साक्ष झाली, पण त्याला अडवणारं कलम हाताशी नव्हतं. कायद्याच्या नजरेत संघ ही मालकाची मालमत्ता. पंचेचाळीस वर्षं घंटा बडवून, प्रार्थना करून, शिव्या देऊन ब्रुकलिनने त्यावर जो हक्क कमावला होता, तो कोणत्याही सातबाऱ्यावर नव्हता.

आता १९५७ चा हंगाम चाहत्याच्या जागी बसून पाहा. मे महिन्यातच लीगच्या मालकांनी स्थलांतराला परवानगी दिलेली. रॉबिन्सन निवृत्त झालेला. संघ ८४ सामने जिंकून तिसरा आला. आकड्यांत हा काही फार वाईट हंगाम नाही, १९२० च्या दशकात असा हंगाम मिळाला असता तर ब्रुकलिनने आनंद मानला असता. २४ सप्टेंबरला एबेट्स फील्डवर शेवटचा सामना झाला. पिट्सबर्गवर २-० असा विजय. प्रेक्षक होते ६,७०२. ऑर्गनवादक ग्लॅडिस गुडिंग निरोपाची गाणी वाजवत राहिली. त्या रात्री जिंकूनही कोणी ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू शकलं नाही. ८ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसची घोषणा झाली.

आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर इथे मिळतं असं आम्हाला वाटतं. वाईट हंगाम सोसता येतो, कारण त्याच्या पाठीला दुसरा हंगाम लागून असतो. १९४१ सोसता आलं, १९५१ सुद्धा सोसता आलं. ब्रँकाला शिव्या देणारा माणूस पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा तिकिटाच्या रांगेत होता. चाहत्याची चिडचिड ही त्याच्या विश्वासाचीच खूण असते. ज्याने आशा सोडली तो चिडत नाही, तो येतच नाही. १९५७ मध्ये ब्रुकलिनने सामना गमावला नाही, पुढचा एप्रिल गमावला.

मात्र या हळहळीत आपण एकच बाजू पाहून उठलो तर ते अपुरं होईल. लॉस एंजेलिसमध्ये डॉजर्सचं नवं मैदान जिथे उभं राहिलं, त्या शावेझ रवीनमध्ये मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांची वस्ती होती. सरकारी घरबांधणीच्या नावाखाली १९५० पासून त्यांना उठवण्यात आलं, ती घरं कधी बांधलीच गेली नाहीत, आणि १९५९ च्या मे महिन्यात शेवटच्या कुटुंबांना पोलिसांनी उचलून बाहेर काढलं. ब्रुकलिनचा संघ गेला, त्यांची घरं गेली. या दोन नुकसानांची बरोबरी होत नाही.

ब्रुकलिनमध्ये १९६० च्या फेब्रुवारीत एबेट्स फील्ड पाडायला सुरुवात झाली. पाडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलसारखा रंग दिला होता. आज तिथे उंच निवासी इमारती आहेत. १९६२ मध्ये न्यूयॉर्कला मेट्स हा नवा संघ मिळाला, रंगांत डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा केशरी. पहिल्या वर्षी त्यांनी १२० सामने हरण्याचा पराक्रम केला, जिंकले फक्त ४०. तरी नऊ लाखांवर लोक तो खेळ पाहायला आले, हसले, चिडले आणि पुढच्या वर्षी पुन्हा आले. १९६९ मध्ये याच मेट्सने वर्ल्ड सिरीज जिंकली. त्यांचा व्यवस्थापक होता गिल हॉजेस, ज्याच्यासाठी ब्रुकलिनने एकदा उकाड्यात प्रार्थना केली होती.

इथे थांबतो.